तिवरांची वंशावळ
वन्य वृक्षांच्या जनुकीय खुणा आणि ठाणे खाडीतील कांदळवने

ठाणे खाडीच्या दोन तीरांवर तुर्भे या एकाच नावाची दोन स्थळे आहेत. पश्चिम तीरावरचे तुर्भे भाभा अणुसंशोधन केंद्रामुळे जगाला परिचित झाले. इंग्रजी अमदानीपासून ते ‘ट्रॉम्बे’ म्हणून ओळखले जाते. पूर्वेकडचे तुर्भे आज नवी मुंबईचा भाग आहे. पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी कारखान्यांची वसाहत, मालवाहू गाड्यांची अहोरात्र वर्दळ आणि घाऊक बाजारपेठा ही त्याची ओळख होय. या तुर्भ्याहून पश्चिमेकडे निघाले आणि वाशी-कोपरखैरण्याची वस्ती ओलांडली, की खाडीचा किनारा लागतो. दोन्ही तीरांवर चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांचे आणि राखट-हिरव्या पानांचे रान पसरलेले दिसते. हे तिवरांचे रान होय.

खाडीत कांदळवनाच्या इतर जातीही आहेत. परंतु बहुसंख्या तिवराची आहे. खाऱ्या पाण्यात उभे राहून पानांवाटे मीठ बाहेर टाकणारा हा वृक्ष भरतीच्या लाटा अडवितो, गाळ धरून ठेवतो आणि मासळी व कोळंबीच्या पिलांना आसरा देतो. २०१५ साली ठाणे खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. संरक्षणाची चौकट अशा रीतीने उभी राहिली आहे. मात्र तिच्या आत उभ्या असलेल्या झाडांविषयीचा एक मूलभूत प्रश्न डोळ्यांना दिसत नाही: या तीरावरची तिवरे आणि त्या तीरावरची तिवरे एकाच कुळातील आहेत की वेगवेगळ्या? त्यांच्यात सोयरिक चालू आहे की तुटली आहे? आणि नव्याने लावलेली रोपे कितीशा वृक्षांची संतती आहे? या प्रश्नांची उत्तरे देणारे साधन म्हणजे जनुकीय खुणा. वन्य वृक्षांच्या बाबतीत ते कसे घडविले जाते आणि त्याचा उपयोग काय, हे समजून घेणे वृक्षलागवडीशी संबंध येणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

हापूस आणि रायवळ

तुर्भे-वाशी परिसरातील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात उन्हाळ्यात हापूस आंब्याच्या पेट्यांची रास लागते. हे आंबे हजारो बागांतून आलेले असले, तरी त्यांची झाडे मुळात एकाच वंशाची असतात. हापूसची लागवड कलमाने होते आणि कलम ही मूळ झाडाचीच प्रत असते. म्हणूनच रंग, वास आणि चव यांची खात्री देता येते. याउलट रायवळ आंबा कोयीपासून उगवतो. त्याच्या प्रत्येक झाडाला आई-बापांकडून निराळा वारसा मिळालेला असतो. एक गोड तर दुसरा आंबट, एक लवकर तर दुसरा उशिरा पिकणारा.

बाजाराच्या दृष्टीने एकसारखेपणा हा गुण आहे. निसर्गात मात्र तो धोका ठरतो. जो रोग वा जी कीड एका झाडाला सोसत नाही, ती त्याच्या सर्व प्रतींनाही सोसत नाही. विविध वारशांच्या झाडांत काही बळी पडतात आणि काही तग धरतात; जी तग धरतात त्यांच्या बीजातून रान पुन्हा उभे राहते. समुद्राची पातळी, पाण्याचा खारेपणा आणि प्रदूषण यांत होणारे बदल तिवरांच्या रानाला याच बळावर पेलावे लागणार आहेत. तेव्हा कांदळवनाचे खरे भांडवल केवळ हेक्टरांत मोजून भागत नाही. त्यातील वारशांची विविधताही मोजावी लागते. २०२१ च्या भारतीय वनस्थिती अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदले आहे. उपग्रहाच्या छायाचित्रावरून हा आकडा काढता येतो. परंतु त्या हिरव्या रंगामागे दहा हजार वेगवेगळे वारसे आहेत की शंभरच, हे उपग्रहाला सांगता येत नाही.

खूण म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी. एन. ए. या रसायनाचे लांबच लांब धागे असतात. ए, टी, जी आणि सी अशा चार रासायनिक अक्षरांनी त्यांवरील मजकूर लिहिलेला असतो. एकाच जातीच्या दोन झाडांतील हा मजकूर बहुतांशी सारखाच असतो. काही ठिकाणी मात्र एक लहानसा शब्द पुनःपुन्हा आलेला आढळतो. उदाहरणार्थ, जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए. अशा जागांना शास्त्रज्ञ ‘मायक्रोसॅटेलाइट’ म्हणतात. आपण त्यांना सूक्ष्म पुनरावृत्ती म्हणू. या शब्दाची आवर्तने किती, हे झाडागणिक बदलते. एका झाडात ती बारा असतील, तर दुसऱ्यात पंधरा.

शिवाय प्रत्येक झाडाजवळ अशा प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात: एक आईकडून, म्हणजे ज्या झाडावर बी धरले त्याच्याकडून, आणि दुसरी बापाकडून, म्हणजे ज्याचा पराग आला त्याच्याकडून आलेली. समजा, मातृवृक्षाच्या एका जागी १२ आणि १५ आवर्तने आहेत आणि त्याच्या रोपात १२ आणि ९ आहेत. मग १२ चा आकडा आईचा, हे उघड आहे. ९ चा आकडा बापाचा असला पाहिजे. आसपासच्या झाडांत ९ आवर्तने कोणाजवळ आहेत, हे पाहिले की संभाव्य बापांची संख्या कमी होते. अशा आठ-दहा जागा एकत्र तपासल्या की वंशाचा निर्णय पुष्कळ खात्रीने करता येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या पुनरावृत्तींचा झाडाच्या उंचीशी किंवा मीठ सोसण्याच्या शक्तीशी बहुधा थेट संबंध नसतो. शेताच्या बांधावरील हद्दीचा दगड स्वतः पीक देत नाही. जमीन कोणाची आणि ती कोठपर्यंत, एवढेच तो सांगतो. जनुकीय खुणेचे कार्य तेच आहे. कोणते झाड चांगले, हे ती सांगत नाही. कोण कोणाचा, हे सांगते.

खुणा घडविण्याची रीत

कापूस किंवा भात यांसारख्या पिकांवर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन झालेले असल्यामुळे त्यांच्या खुणा विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत. वन्य वृक्षांची स्थिती निराळी आहे. तेथे बहुधा आरंभापासून सुरुवात करावी लागते आणि हे काम ठरावीक टप्प्यांनी चालते.

पहिला टप्पा पाने गोळा करण्याचा. कोवळी पाने खुडून ती सिलिका जेलच्या दाण्यांत वाळविली जातात आणि प्रत्येक झाडाचे ठिकाण नोंदले जाते. दुसरा टप्पा पानातून डी. एन. ए. वेगळे करण्याचा. कांदळवनातील वृक्षांच्या बाबतीत हे सोपे नसते, कारण त्यांच्या पानांतील टॅनिनसारखी द्रव्ये आणि चिकट शर्करा डी. एन. ए. बरोबरच येतात व पुढील प्रक्रियेत अडथळा आणतात. त्यामुळे शुद्धीकरणाची पद्धत त्या त्या जातीनुसार बसवून घ्यावी लागते.

तिसऱ्या टप्प्यात पुनरावृत्तीच्या जागा शोधल्या जातात. पूर्वी त्यासाठी डी. एन. ए. चे तुकडे जीवाणूंत वाढवून एकेक तपासावे लागत आणि त्यात महिनोन्‌महिने जात. आता डी. एन. ए. चा मजकूर यंत्राने भराभर वाचला जातो आणि त्यातील पुनरावृत्ती संगणक शोधून काढतो. चौथ्या टप्प्यात प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंचा सुमारे वीस अक्षरांचा मजकूर घेऊन तेवढेच लहान तुकडे प्रयोगशाळेत तयार करतात. हे तुकडे जणू त्या जागेचे दोन खांब. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पॉलिमरेज साखळी अभिक्रियेने या दोन खांबांमधील भागाच्या असंख्य प्रती काढता येतात. करोनाच्या साथीत घरोघरी माहीत झालेली ‘पी. सी. आर.’ चाचणी ती हीच. प्रतींची लांबी मोजली की आवर्तनांची संख्या कळते.

शेवटचा टप्पा पारखण्याचा. निवडलेल्या अनेक जागांपैकी काहींच्या प्रती निघतच नाहीत, काहींत सर्व झाडांचा आकडा सारखाच येतो, तर काही एक प्रत दाखवितात आणि दुसरी लपवितात. अशा जागा बाद कराव्या लागतात. चाळणीतून जे मोजके उरते तेच कामाचे साधन. मात्र एकदा ते तयार झाले की कोणत्याही प्रयोगशाळेला वापरता येते आणि पुष्कळदा त्याच कुळातील भाऊबंद जातींनाही लागू पडते.

पुनरावृत्तीच्या खुणांनी कणाकणाचा हिशेब लागतो, तर हरितकणांतील डी. एन. ए. आणखी एक गोष्ट उघड करते. बहुतेक सपुष्प वनस्पतींत ते केवळ आईकडून येते. म्हणून त्यावरून बी कोठून आले हे कळते. आणि दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या की पराग किती दूर गेला व बी किती दूर गेले, हे वेगवेगळे काढता येते.

आजवरचे निष्कर्ष

तिवराच्या सर्वांत विस्तृत पसरलेल्या जातीसाठी, जी ठाणे खाडीतही आहे, अशा खुणा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केल्या. दूरदूरच्या चौदा ठिकाणची तिवरे त्यांनी त्या साहाय्याने तपासली. दूरदूरच्या वसाहतींत परस्पर देवाणघेवाण फार कमी आहे आणि जातीच्या प्रदेशाच्या कडेला असलेल्या वसाहतींत विविधता रोडावलेली आहे, असे त्यांना आढळले. दिसायला सारखी असणारी तिवरे वारशाने सारखी नसतात, हा यातील धडा आहे.

भारतात या क्षेत्रात चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९० च्या दशकात महत्त्वाचे काम केले. तमिळनाडूतील पिचावरम येथे कांदळाच्या दोन जातींच्या दरम्यानची लक्षणे असलेली झाडे आढळली होती. ती संकरित आहेत, हे या संस्थेतील शास्त्रज्ञांनी डी. एन. ए. च्या खुणांवरून १९९७ साली दाखवून दिले. दुसरे उदाहरण कांडेलिया या कांदळवनातील वृक्षाचे. भारतापासून जपानपर्यंत त्याची एकच जात आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. गुणसूत्रांची संख्या, रेणवीय पुरावा आणि बाह्य रचना यांच्या आधारे २००३ साली पूर्वेकडील वृक्ष स्वतंत्र जातीचे ठरले. एक समजून जतन केलेली जात दोन निघाली, तर जतनाचे सर्व गणितच बदलते.

२०२१ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिवराचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. मीठ सोसण्याशी संबंधित जनुकांचा शोध त्यामुळे सुकर झाला. हद्दीच्या दगडांबरोबरच आता जमिनीचा कस पाहण्याचे साधनही हाती येऊ लागले आहे, असे म्हणता येईल.

खाडीपुढील प्रश्न

तिवराचे बी झाडावर असतानाच फळाच्या आत रुजू लागते. खाली पडल्यावर त्याची साल गळते, ते पाण्यावर तरंगते आणि चिखल मिळाला की मूळ धरते. त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर काही बीजे दूर जातात. बहुतेक मात्र आईच्या आसपासच रुजतात. परागाचे वहन मधमाश्या आणि इतर कीटक करतात. म्हणजे रानाचा एक तुकडा दुसऱ्यापासून भराव, बांध वा रस्त्याने अलग झाला, तर बीजाचा मार्ग अडतो आणि अंतर वाढले तर परागाचाही.

नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली. तेव्हापासूनच्या अर्धशतकात खाडीचे तीर ओळखू न येण्याइतके बदलले. वृक्षांच्या बाबतीत अशा बदलाचा परिणाम लगेच दिसत नाही, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. तुकडे पडण्यापूर्वीची मोठी झाडे जुना समृद्ध वारसा अंगी घेऊन उभीच असतात. उणीव दिसते ती त्यांच्याखालच्या रोपांत. म्हणून जाणत्या झाडांच्या आणि कोवळ्या रोपांच्या खुणा ताडून पाहणे ही सर्वांत उपयुक्त तपासणी होय. रोपांतील विविधता घटलेली दिसली, तर जुनी झाडे उभी आहेत तोवर तिच्यावर उपाय करता येतो; ती गेल्यावर नाही.

खाडीच्या काही भागांत गाळ साचून नव्या पंकभूमीवर तिवरे वाढली आहेत. क्षेत्रफळाच्या दृष्टीने ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु नव्या चिखलावर पहिल्यांदा पोहोचलेल्या थोड्या बीजांपासून सारे रान निर्माण झाले असेल, तर ते दाट असूनही वारशाने दुबळे असू शकते. क्षेत्र वाढणे आणि विविधता वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मोजण्यासाठी जनुकीय खुणांचाच आधार घ्यावा लागतो.

रोपवाटिकेतील हिशेब

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयात कांदळवनांच्या नाशाविरुद्ध कठोर भूमिका घेतली. राज्य शासनाने २०१२ साली वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. सार्वजनिक कामासाठी कांदळवन तोडण्याची अनुमती मिळते तेव्हा त्याच्या बदल्यात लागवडीची अट घालण्यात येते. लागवड म्हटली की रोपवाटिका आली. आणि रानाचे भवितव्य पुष्कळ अंशी तेथेच ठरते.

रोपे तयार करताना सोयीचा मार्ग म्हणजे हाताशी असलेल्या दोन-चार भरगच्च झाडांखालचे बी पोत्यात भरून आणणे. त्यापासून दहा हजार रोपे तयार होतील, ती जगतील आणि अहवालात लागवड यशस्वी म्हणून नोंदली जाईल. परंतु ती सर्व सख्खी वा सावत्र भावंडे असतील. पुढच्या पिढीत त्यांचा आपापसांत संकर झाला की जवळच्या नात्यातील विवाहाचे दोष रोपांत दिसू लागतात. उगवण घटते, वाढ खुंटते आणि रोगाचा प्रतिकार कमी होतो.

यावरील उपाय खर्चाचा नाही. बी किमान ३० ते ५० झाडांवरून, आणि तीही एकमेकांपासून दूर असलेली, अशी घेतली पाहिजेत. हा आकडा हवेतून आलेला नाही. एखादा खूणप्रकार रानात शंभरात पाच इतकाच असेल, तर परस्परांशी नाते नसलेल्या ३० झाडांतील ६० प्रतींमध्ये तो निदान एकदा सापडण्याची शक्यता शंभरात सुमारे ९५ असते. चार झाडांतील आठ प्रतींत ती शंभरात ३४ वर येते. प्रत्येक झाडाचे बी जवळपास समान प्रमाणात घ्यावे, ते शक्यतो त्याच खाडीतील असावे आणि कोणत्या पट्ट्यातून किती झाडांचे बी आले याची नोंद रोपवाटिकेच्या वहीत करावी. पुढे जनुकीय खुणांनी लागवडीची तपासणी झाली, तर हीच नोंद तिचा पाया ठरेल. रोपांची संख्या आणि जगण्याचे शेकडा प्रमाण यांबरोबर ‘मातृवृक्षांची संख्या’ हा एक रकाना लागवडीच्या तक्त्यात वाढविला, तरी मोठे काम होईल.

डोंगरावरचे वृक्ष

हा विचार खाडीपुरता मर्यादित नाही. सह्याद्रीतील नरक्या या लहान वृक्षात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे द्रव्य असल्याचे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखविले. तेव्हापासून त्याची लाकडासाठी बेसुमार तोड झाली. कोणत्या रानातील नरक्याचा वारसा वेगळा आणि म्हणून आधी राखण्याजोगा, हे ठरविण्यास खुणांचा उपयोग होतो. कोकणातील कोकमाच्या बियांपासूनच्या रोपांत नर किती आणि मादी किती, हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, कळत नाही. पपईच्या बाबतीत अशाच अडचणीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९९ साली वाट काढली. वर उल्लेखिलेल्या जी-ए-टी-ए या पुनरावृत्तीवरूनच त्यांनी नर व मादी झाडांतील फरक दाखविला आणि पुढे रोपावस्थेतच लिंग ओळखण्याची चाचणी विकसित केली. कोकमासाठी अशी खात्रीची खूण हाती येणे हे बागाईतदाराच्या कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेची बचत करणारे ठरेल.

राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मंजुरी दिली. सागरी जैवविविधता, स्थानिक पीकवाण, देशी पशुधन, गोड्या पाण्यातील जैवविविधता, गवताळ प्रदेश, वनहक्क क्षेत्रांचे संवर्धन आणि वनांचे पुनरुज्जीवन असे विषय त्यात आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतींच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्यांची तरतूद आहे. प्रयोगशाळा आणि गाव यांना जोडणारा दुवा या नोंदवहीत आहे. गावातील जुनी झाडे कोणती, ती कोठे आहेत, त्यांना केव्हा फुले-फळे येतात, त्यांच्याखाली रोपे उगवतात की नाही, ही माहिती पंचायत सदस्य आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नोंदविली, तर संशोधकाला कोठे पाने गोळा करावयाची हे शोधत हिंडावे लागणार नाही. किनाऱ्यावरील शाळांना तर भरतीच्या रेषेवरील तिवर हा वर्गाबाहेरचा जिवंत पाठच आहे.

खुणा घडविणे हे शास्त्रज्ञांचे काम. जुनी झाडे राखणे आणि बी अनेक झाडांचे घेणे हे मात्र बीज गोळा करणाऱ्या मजुरापासून मंजुरीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सर्वांचे. दोन्ही तुर्भ्यांच्या मधल्या खाडीत आज उभी असलेली जाणती तिवरे हीच त्या रानाची बियाण्याची कणगी आहे, आणि ती भरलेली आहे तोवरच तिच्यातून पेरणी करता येईल.